अमावस्येचा रहिवासी दाखला

मार्गशीर्ष अमावस्येला भरदुपारी कोणी नवखा माणूस निलंग्याच्या बसस्थानकावर उतरला, तर आपण चुकीच्या दिवशी आलो की चुकीच्या गावात, असा प्रश्न त्याला पडावा. दुकानांची शटरं खाली. एरवी चौकात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचा हिशेब ठेवणारी म्हातारी मंडळी गायब. देवळात नीळकंठेश्वर एकटाच, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलेल्या कारकुनासारखा. सगळं गाव शेतात गेलेलं असतं, कारण ती येळवस असते. सरकारी कागदावर तिला वेळ अमावस्या म्हणतात आणि जिल्हाधिकारी त्या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. न केली तरी काही बिघडणार नाही. सुट्टी देणाराही त्या दुपारी कुणाच्या तरी शेतात जेवतच असतो.

हा सण लातूरचा आणि धाराशिवचा. मराठवाड्यातल्याच जालन्याकडच्या माणसाला येळवशीचं कौतुक सांगू लागलं तर तो पाहुण्यासारखा नम्र हसतो. सण कर्नाटकातून आला, एवढं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. कधी आला, कुणाचं बोट धरून आला, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत यावं इतक्या अंतरावर. तिकडून राजे आले, वाणी आले, शरण आले, सुना आल्या. त्या गर्दीत एखादी अमावस्या आली असेल तर तिला कोण हटकणार? पण मला कधीकधी वाटतं, हिनं उद्या तहसील कचेरीत रहिवासी दाखला मागितला तर कारकून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागेल, आणि तिच्याकडं साधी वीजबिलाची झेरॉक्ससुद्धा निघायची नाही.

अर्थात पुरावा मागायचाच तर आधी गावाकडं मागावा. निलंगा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, जिल्हा बिदर. कचेरीचा कारभार उर्दूत. रुपया हाली शिक्क्याचा, सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार मिळावेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके मुंबई राज्याकडं आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात बसवले गेले. 1960 ला महाराष्ट्र झाला, 1982 ला लातूर जिल्हा. म्हणजे ज्या म्हाताऱ्यानं उभ्या आयुष्यात ओसरीवरची आपली बसायची जागासुद्धा बदलली नाही, त्यानं एक संस्थान, तीन राज्यं आणि तीन जिल्हे पालथे घातले. कोलंबस नशीबवान, त्याला निदान प्रवास केल्याचं कळलं तरी.

माझी आज्जी भालकीकडची. तिचं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर एकाच बिदर जिल्ह्यात होतं. त्या नोव्हेंबरातल्या गुरुवारी ती सडा टाकायला उठली, तेव्हा माहेर म्हैसूर राज्यात गेलेलं होतं आणि ती स्वतः मुंबई राज्यात. म्हैसूर तिनं पाहिलं नव्हतं, मुंबईही नाही. फाजल अली आयोगाच्या तिन्ही सभासदांनी नकाशावर पुष्कळ विचार केला असेल, पण दिवाळी तोंडावर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्याच आठवड्यात आलेल्या भाऊबीजेला तिचा भाऊ परराज्यातून ओवाळून घ्यायला आला. उशिरा आला म्हणून आज्जीनं त्याला बोल लावले, आणि त्यानंही सगळं खापर दिल्लीवर फोडून ताटात दरवर्षीएवढेच पैसे टाकले. राज्य बदललं म्हणून ओवाळणी वाढवायची त्याची काही तयारी दिसली नाही.

ही बाई आम्हाला मराठीत जेवू घालायची आणि कानडीत रागवायची. आम्हा नातवंडांना कानडी बोलता येत नाही, पण त्या भाषेत आपला अपमान होतोय हे अचूक कळतं. आमचं द्विभाषिकत्व तेवढंच. आज्जा उलट हिशेब उर्दूत मांडायचे. मेल्यावर त्यांच्या वह्या वाचून घ्यायला आम्हाला शेजारच्या मौलवीसाहेबांकडं जावं लागलं, आणि कुणाकुणाचे किती येणे आहेत हे त्यांनी इतक्या सुरेल आवाजात वाचून दाखवलं की वसुलीची इच्छाच मावळली.

येळवशीच्या आधी दोन-चार दिवस घरात ताक आंबत पडलेलं असे. त्यात ज्वारीचं पीठ, जिरं, लसूण पडलं की आंबील व्हायची, आणि ती बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात जायची. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजा झाली की कुणीतरी पिकातून आंबील शिंपडत फिरायचं आणि बाकीच्यांनी कानडी वळणाची एक आरोळी ठोकायची. तिचा अर्थ प्रत्येक शेतात वेगळा सांगतात, आणि प्रत्येक शेतात तो तितक्याच ठामपणे सांगतात. पांडवांनाही तो कळत नसावा, ते हस्तिनापूरकडचे.

मग पंगत. त्या पंगतीकडं मी अलीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो, म्हणजे ताटातल्या एकेकाला मूळ गाव विचारत बसतो. आंबिलीतली ज्वारी आणि उंड्यातली बाजरी आफ्रिकेतून आलेली, हजारो वर्षांपूर्वी. चिंचही तिकडचीच. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातले. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या काळात. ज्याच्या पैशावर हा सगळा थाट चाललेला असतो ते सोयाबीन चीनकडचं. ताटात भूमिपुत्र म्हणून हात वर करावा असे उरतात तूर, तीळ आणि वांगं. त्यातले तूर आणि वांगं भज्जीत इतके शिजलेले असतात की हात वर करण्याच्या अवस्थेत नसतात. भज्जी म्हणजे झाडून सगळ्या शेंगा, डाळी आणि पालेभाज्या एका भांड्यात. इथं तिचं रूपक करून समाजाला लावायचा मोह लेखकाला होतोच. पण भज्जी गरम असते तोवरच खायची असते, म्हणून तो विचार मी दरवेळी जेवणानंतर करायचं ठरवतो आणि जेवणानंतर झोपतो.

आमची पोरं आता पुण्यात असतात. तिथं तोंड उघडलं की हेल ऐकून समोरचा म्हणतो, "लातूरकडचे का?" आणि त्या 'कडचे'मध्ये अर्धं हैदराबाद संस्थान मावतं. पण पुण्यातच गाड्यांवर 'निलंगा राईस' अशा पाट्याही दिसतात. मुलूख आमचा ज्वारी-तुरीचा. भाताचं खाचर बघायचं तर आम्हाला सहल काढावी लागते, आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर फिरतंय ते तांदळाच्या पाठीवर बसून. त्या पिवळ्या तिखट भाताला कुणी मूळ गाव विचारत नाही, कारण ते त्यानं पाटीवरच लिहून ठेवलेलं असतं. पोरांनीही शर्टावर तसं काही छापून घ्यावं का, असा विचार मनात येतो.

मागं एका येळवशीला आमच्या शेतात फरशी बसवणारा एक राजस्थानी मिस्त्री आला होता. आला म्हणजे, शेजारच्या चाचांनी त्याला बंद गावात उपाशी फिरताना पाहिलं आणि मोटारसायकलवर घालून आणलं. येळवशीला शेत कुणाचं आणि पाहुणा कुणाचा हे कुणी विचारत नाही. आमच्या आप्पांनी त्याच्या हातात आंबिलीचा पेला दिला. त्यानं वास घेतला, चाचांकडं बघितलं. "पी के देख मियाँ, कुछ नै होता," चाचा म्हणाले. त्यानं एक घोट घेतला, मग पेला रिकामा केला, आणि काहीशा अविश्वासानं म्हणाला, "ये तो हमारी राबड़ी है." मारवाडात बाजरीचं पीठ ताकात आंबवून त्याची आई हेच करते म्हणे. फक्त लसूण घालत नाही.

"लसूण घालत नाही?" आप्पांचा आवाज चढला. इतका वेळ भाषा, राज्य, धर्म यांपैकी कशानंही न ढळलेला माणूस लसणावर ढळला. लसणावाचून आंबील म्हणजे नुसतं पांढरं पाणी, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रीचं म्हणणं, लसणानं बाजरीची चव मरते. "बाजरी नव्हं ओ, जवारी," मागून आत्या ओरडली. चाचांनी मध्यस्थी करायला म्हणून तोंड उघडलं आणि चुकून मिस्त्रीची बाजू घेतली, मग तर विचारूच नका. संध्याकाळी हेंडग्याची मशाल पेटली तरी वाद चालूच होता. शेवटी मिस्त्रीला दुसऱ्या शेतातून बोलावणं आलं. तिथं भज्जी त्याच्यासाठी झाकून ठेवली होती. आप्पांनी त्याला जाऊ दिलं, पण आईला आमच्या पद्धतीनं एकदा करून बघायला सांग, असं तीनदा बजावून, आणि लसणाचे दोन गड्डे त्याच्या खिशात कोंबून.