फुकटवालं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला. दिवाळी तोंडावर आलेली, वेल्ह्याच्या खाचरांत इंद्रायणी पिवळी पडायला लागलेली आणि तिकडे अमेरिकेतून निरोप, की यापुढे तुमच्या संगणकाचं तुम्ही बघा. फार तर वर्षभराची मुदतवाढ घ्या, नाहीतर विंडोज 11 वर चला. 11 वर जायचं तर यंत्रात टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझा लॅपटॉप पाचव्या पिढीतला. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा इतक्या पिढ्या कुणी मोजत नाही.

मी भोरला राहतो, शेती वेल्ह्यात. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली माणसं माझा लॅपटॉप आपलाच समजतात. रेशनकार्डाचा अर्ज, भजनी मंडळाचा जमाखर्च, दशक्रियेचा निरोप, लग्नपत्रिका, सगळं 'गुरुजींकडे टाका'. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हे भंगारात द्या, नव्यावर सूट देतो." चालता बैल कसायाला द्यायची बुद्धी झाली नाही. मग हिंजवडीतल्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू या. तुमच्या चार जीबी रॅमला पुरेल. आणि फुकट आहे."

फुकट हा शब्द सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून ऐकला. "फुकट म्हणजे नक्की काय काय जाणार?" असा प्रश्न लगेच बाहेर आला.

लिनक्सच्या मिंट नावाच्या अवताराची फाइल जवळजवळ तीन जीबीची. ती इकडे उतरवून घ्यायची म्हणजे रेंजच्या आडवे डोंगर बसलेले. म्हणून भाचीनं ती पुण्यातच पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्वारगेटहून एसटीनं आणली. पाकिटावर तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'झारा'. मिंटवाल्यांची ही रीत आहे. 2006 साली पहिल्या आवृत्तीला त्यांनी 'एडा' म्हटलं, तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव, तेही इंग्रजी अक्षरमालेच्या ओळीनं. विल्मा झाली, शिया झाली, मग झारा. चकल्या तळायला बसलेल्या सौभाग्यवतींनी पाकीट वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, आपला झारा सकाळपासून सापडत नाहीये आणि तुम्ही भाचीकडून नवा मागवलात? तेवढाही?" पाकिटातून पेन ड्राइव्ह निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते लिहिण्यासारखं नाही.

पेन ड्राइव्ह खुपसून लॅपटॉप सुरू केला. भाचीनं बीप होताच एक बटण दाबलं आणि काही मिनिटांत समोर चांगलं हिरवंगार, नीटनेटकं पान उभं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. अजून काहीच पुसलेलं नव्हतं. पेन ड्राइव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं, पटलं तर पुढे जायचं. ही सवलत आम्हाला ना लग्नात मिळाली ना मतदानात.

तेवढ्यात वेल्ह्याहून आबा आले. आबांचं शेत माझ्या बांधाला लागून, त्यामुळे माझ्या घरात काय चाललंय यावर त्यांचा वहिवाटीचा हक्क.

"ह्ये कुणाचं?"

मी सांगितलं की फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका पोरानं 1991 साली, एकविसाव्या वर्षी, घरच्या संगणकावर छंद म्हणून सुरू केलं. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आत काय लिहिलंय ते कुणीही बघावं, बदलावं, पुढे वाटावं.

"मग मालक कोण?"

"एक असा कुणी नाही. सगळ्यांचं आहे."

"म्हंजी गायरान," आबा म्हणाले. "मग अतिक्रमण हुणारच की."

इतका नेमका आक्षेप मी संगणकावरच्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. भाची त्यांना परवाना, नियम, जो बदल करून पुढे देतो त्यानं आतलं लिखाणही द्यायचं, हे समजावत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराचं पोट कशावर चालतं?"

खरी धास्ती प्रिंटरची होती. विंडोजवर त्या प्रिंटरनं मला आजवर पुष्कळ रडवलेलं. भाचीनं वायर जोडली, कोपऱ्यात 'प्रिंटर जोडला' अशी चिठ्ठी आली आणि कागद बाहेर. सीडी नाही, ड्रायव्हर नाही. शेजारचा पोरगा खास बिघाड बघायला म्हणून आला होता, तो चकली खाऊन हिरमुसला होऊन गेला. टायपिंगचंही तेच. कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी केंद्र सरकारनं 1986 साली ठरवली, ती विंडोजवर तीच आणि लिनक्सवरही तीच, त्यामुळे बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. एकदा का सरकारी काम झालं की ते असं पक्कं होतं.

घोळ झाला तो पत्रिकांपाशी. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पत्रिकांचा हंगाम. जुन्या पत्रिका उघडायच्या, नावं बदलायची, कुलदैवत बदलायचं (वेल्ह्याकडच्यांची मेंगाई, विसरून चालत नाही), आणि छापायचं. लिनक्सवर पहिली पत्रिका उघडली आणि 'श्री गणेशाय नमः' च्या जागी डॉलर, टक्का, दोन कंस आणि एक उद्गारचिन्ह. वराच्या नावात तीन डॉलर होते. वराचे वडील शेजारीच बसलेले. ते म्हणाले, "पोरगं अमेरिकेला नाही हो, शिरवळला कंपनीत आहे."

आता हे खरं म्हणजे लिनक्सचं पाप नव्हे. जुन्या मराठी फॉन्टांची ही सगळी करामत. त्यांत फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो, मग दुसऱ्याच्या विंडोजवरही तेच दिसतं. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, 'ख' ला स्वतःचा, त्यामुळे यंत्र कुठलंही असो, क तो क. आम्ही मात्र वीस वर्षं मुखवट्यांच्या पत्रिका वाटल्या आणि कितीतरी जोडप्यांचे संसार डॉलर-टक्क्यांवर उभे केले. भाचीनं परिवर्तक चालवून फाइली युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरं मात्र अडखळली, आणि 'चि. सौ. कां.' मधला शेवटचा अनुस्वार दर वेळी कुठेतरी निघून जायचा. तो अजूनही हातानं बसवावा लागतो.

यावर गावानं निकाल दिला, की गुरुजींचा कॉम्प्युटर बिघडला. प्रिंटर बिनबोभाट चालतो हे कुणी बोललं नाही. माणसाला सवयीचं राज्य हवं असतं. म्युनिक शहरानं 2000 नंतरच्या दशकात हजारो सरकारी संगणक लिनक्सवर न्यायला घेतले, 2013 मध्ये काम पुरं झाल्याचं जाहीर केलं आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. जर्मनांची ही गत, मग भोरचं काय घेऊन बसलात? भोर संस्थान 1948 च्या मार्चमध्ये विलीन झालं, पण आजही पत्ता विचारा, सुरुवात राजवाड्यापासून होते. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. एसटीत बसून "एक राजगड" म्हणून बघा, कंडक्टर विचारतो, "गडावर जायचंय का वेल्ह्याला?"

भात झोडून झाल्यावर आबा पुन्हा आले. खांद्यावर तांदळाची गोणी. मला वाटलं, नवा इंद्रायणी आणला. गोणीतून निघाला नातवाचा जुना लॅपटॉप, भुसकटासकट.

"ह्यात ते गायरान टाका," आबा म्हणाले. "पर वरनं विंडोजवानी दिसू द्या. घरी कळता कामा नये."

भाची फोनवर सांगत गेली आणि मी टाकलं. मेनू डावीकडे होताच. मागचं चित्र निळं केलं. चिन्हांची जागा त्यांच्या सवयीप्रमाणे लावून दिली. आबांनी माउसनं दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारून बघितल्या, समाधानानं लॅपटॉप गोणीत घातला आणि गेले.

परवा नसरापूरला बनेश्वराच्या वाटेवर एक ओळखीचे भेटले. त्यांचाही लॅपटॉप अडला होता. म्हणाले, "गुरुजी, मलाही टाकून द्या की. आबा सांगत होते, तुमच्याकडे विंडोज बारा आलंय."

मी रविवारी या म्हटलं.