मला आवडलेली कादंबरी (शब्दमर्यादा : तीनशे)

मराठी घरात निबंधाचा गृहपाठ येतो पोराच्या वहीत, पण तो मिळालेला असतो अख्ख्या घराला. गणिताच्या वाटेला कोणी जात नाही. विज्ञानाला क्लास असतो. मराठीचा निबंध मात्र आपल्याला येतोच, अशी प्रत्येकाची खात्री. कारण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहून प्रत्येकाने कधी ना कधी गुण मिळवलेले असतात. फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहायला पुस्तक वाचावं लागत नाही, हीच त्या विषयाची थोरवी.

माझ्या भाचीच्या नववीच्या बाईंनी यंदा ही पळवाटच बंद केली. विषय दिला ‘मला आवडलेली कादंबरी’. सोबत फळ्यावर मुद्दे : प्रस्तावना, लेखकपरिचय, कथानक, मुख्य पात्रे, भाषाशैली, संदेश, समारोप. म्हणजे आधी वाचायची, मग आवडून घ्यायची आणि मग तीनशे शब्दांत आटपायची. संध्याकाळीच ताईचा फोन. “तू दिवाळी अंकात लिहितोस ना? मग शनिवारी ये. आणि येताना एखादी कादंबरी आण, बारीकशी.”

मी गेलो तेव्हा बैठक सुरू झालेली होती. अर्ध्या वर्गाने ‘श्यामची आई’ घेतल्याची बातमी भाचीने आणली होती. गाइडात तो निबंध तयार मिळतो. शब्दमर्यादेतला, समारोपासकट.

“पण ती कादंबरी कुठे आहे? त्या आठवणी आहेत,” अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. सोफ्यावर पडल्या पडल्या ते सुनावणी घेतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली पाच दिवसांत ते अख्खं पुस्तक लिहून काढलं, हेही त्यांनी सांगितलं. आमच्या नुसत्या आराखड्यालाच अख्खा शनिवार लागणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

दाजींचं मत ‘स्वामी’ला. वाचली नव्हती, पण दूरदर्शनवर पाहिली होती आणि त्यांच्या हिशेबी ते एकच. मी दबकत ‘कोसला’ काढली. नेमाड्यांची, 1963 सालची, मराठी कादंबरीला वळण देणारी वगैरे. दाजींनी कथानक विचारलं. मी सांगितलं : मुलगा शिकायला पुण्याला जातो, बापाचे पैसे उडतात, शिक्षण अर्धवट राहतं, मुलगा गावी परत येतो. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि पुस्तक उचलून फ्रिजवर ठेवलं. ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालेलं असूनही ताईने ती नववीला चालणार नाही म्हणून कापली. ‘मृत्युंजय’ भाचीने हातात घेऊन पाहिली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

उरली ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी माझी लाडकी. पण ती निवडली गेली पानं कमी म्हणून, हे नमूद केलेलं बरं. मराठी साहित्यातल्या कितीतरी थोर पुस्तकांना पहिला वाचक असाच मिळाला असेल.

मग आराखडा. ताईने कागद घेतला आणि रेघा मारल्या. प्रस्तावनेला साठ शब्द, कारण ‘ग्रंथ हेच गुरू’ आणि ‘वाचाल तर वाचाल’ हे दोन्ही आल्याशिवाय निबंध सुरू होत नाही. लेखकपरिचयाला नव्वद. त्यात जन्म 1927, गाव माडगूळ, माणदेश, चित्रकला, शिकार, पुणे आकाशवाणी आणि ‘सत्तांतर’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार एवढं सगळं बसवायचं. “गदिमांचे धाकटे भाऊ, हे राहिलं,” अण्णा उठून बसले. मोठे भाऊ आल्यावर ‘गीतरामायण’ आलंच. ‘बनगरवाडी’ आली त्याच 1955 साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं होतं. छप्पन्न गाणी, आणि अण्णा त्यातलं एकही वगळायला तयार नव्हते. धाकट्या भावाचा निबंध थांबला आणि चहा होईपर्यंत आम्ही अयोध्येतच होतो. तिसऱ्या गाण्याला दाजीही सूर लावायला लागले, तेव्हा ताईने पेन आपटलं.

भाषाशैलीला चाळीस शब्द. तिथे ‘ओघवती’ लिहायचं हे एकमताने ठरलं. शाळेच्या निबंधात ज्याची भाषा ओघवती नाही असा एकही लेखक मराठीत झालेला नाही. खरं तर माडगूळकरांची वाक्यं आखूड, नेमकी, एकेक ठेवून दिलेली. माणदेशात वाहणार काय आणि ओघ यायचा कुठून? हे मी म्हणून पाहिलं. “बाईंना ओघवती लागते,” भाची म्हणाली. विषय संपला.

संदेशाला पंचावन्न, समारोपाला पस्तीस. मी सवयीने बेरीज केली. दोनशे ऐंशी झाले. कथानक आणि मुख्य पात्रे यांना मिळून वीस शब्द उरले.

“वीस पुरेत,” दाजी म्हणाले. “गोष्ट काय, बाईंना माहीतच असणार.”

या सगळ्या गदारोळात भाची कोपऱ्यात बसून पुस्तक वाचत होती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. एकदम ती ओरडली, “मामा, याच्या शाळेत एकही मुलगा येत नाही!” औंध संस्थानातल्या त्या धनगरवाडीवर तरुण मास्तर नेमणुकीचा कागद घेऊन पोचतो आणि बघतो तर शाळेत पोरंच नाहीत. पोरं मेंढरांमागे रानात. हा प्रसंग मी आजवर करुण समजून वाचत आलो होतो. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ हेवा होता. हजेरी नाही, डायरीत शेरा नाही, प्रकल्प नाहीत, पालकसभा नाही. तिने तेवढी दोन पानं पुन्हा वाचून काढली.

मग जेवणापर्यंत ती बोललीच नाही. ताटावर बसल्यावर विचारलं, “शेकूची बायको बैलाबरोबर जुवाला जुंपून घेते ना, तेव्हा त्या बैलाला काय वाटलं असेल?” शेकूकडे बैल एकच. औत चालायचं तर दोन हवेत, म्हणून दुसऱ्या बाजूला बायको खांदा देते. वरणभात कालवता कालवता आम्ही चार मोठी माणसं त्या बैलाचा विचार करायला लागलो. अण्णांना वाटलं, बैल दचकेल. ताईचं म्हणणं, त्याला काहीच वाटणार नाही, घरोघरी हेच चालतं. तेवढं म्हणून तिने दाजींना वाढायचं थांबवलं. दाजींनी मुकाट्याने आमटी स्वतःच घेतली.

जेवणं झाल्यावर संदेश ठरवायचा राहिला होता. ताईने ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ सुचवलं. दाजींनी साक्षरता धरून ठेवली. गावकरी मिळून तालीम बांधतात, तिच्या उद्घाटनाला राजा येतो, म्हणून अण्णा एकीवर आणि जमल्यास सूर्यनमस्कारांवर अडून बसले. भाचीने तोवर पुस्तक संपवलं होतं. “यात संदेश नाहीये,” ती म्हणाली. “पाऊस पडला नाही आणि सगळे निघून गेले. एवढंच आहे.” टीकाकारांनी या पुस्तकावर बरंच लिहिलंय. इतकं आटोपशीर माझ्या वाचनात नाही. ताईने मात्र आराखड्यात ‘पाणी अडवा’ लिहून खाली दुहेरी रेघ ओढली.

रविवारी रात्री क्रिकेटचा सामना होता. शेवटची षटकं चालू असताना पोरीने आतल्या खोलीत बसून निबंध लिहून टाकला. आराखडा तिने पानखुणेसाठी वापरला होता. वहीत ‘ग्रंथ हेच गुरू’चा पत्ता नाही. लेखकाच्या नावापुढे ‘हे गदिमांचे भाऊ आहेत, असे माझे आजोबा सांगतात’ एवढंच. बाकी सगळी वाडी : न भरणारी शाळा, मास्तरला सांभाळून घेणारा म्हातारा कारभारी, चोऱ्या करणारा आणि तरीही आवडून जाणारा आनंदा रामोशी. बैलाला अख्खा परिच्छेद. आणि एक वाक्य असं : ‘शेकूच्या बायकोने एवढे केल्यावर पुस्तकाला तिचे नाव द्यायला हवे होते.’

आठपैकी पाच मिळाले. खाली लाल शाईत शेरा : ‘अक्षर सुधार. मुद्द्यांना धरून लिही. बैलाचा प्रश्न चांगला आहे.’ बाई चांगल्या असाव्यात. वह्यांचा एवढा गठ्ठा, त्यातल्या निम्म्या वह्यांत श्यामची तीच आई त्याच शब्दांत, आणि तरी त्यांना बैल दिसला. गाइडवाल्यांना सहा मिळाले, याचा ताईला अजून राग आहे.

पुस्तक परत न्यायला गेलो तर ते दाजींकडे. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात आहेत. तालीम सरकारी खर्चाशिवाय उभी राहते, हे कळल्यापासून त्यांनी रात्री जागून वाचलं म्हणे. दार उघडताच त्यांनी मला थांबवलं.

“बरं लिहिलंय,” ते म्हणाले. “पण शेवटी मास्तर गाव सोडतो ना, तिथे प्रवासभत्त्याचं काही दिलेलं नाही.”