पेटीवाल्याने टॅबलेट कोणता घ्यावा

टॅबलेट घ्यायला जाताना तबलजीला सोबत नेऊ नये. त्याला स्वरलिपी लागत नाही. त्याचा ठेका बोटांत असतो, आणि दुकानदार एकेक मॉडेल दाखवत असताना तो काउंटरच्या काचेवर दादरा वाजवत विचारतो, "कायले पाह्यजे भाऊ तुमाले हे? वहीनं काय घोडं मारलं?" दुकानदार हसतो, आणि घासाघीस करायचा आपला धीर तिथेच सुटतो. माझा टॅबलेट याच कारणाने छापील किमतीला आला.

प्रश्न मात्र रास्त आहे. घोडं वहीने मारलेलं नाही, कूलरने मारलं आहे. यवतमाळात होळी झाली की कूलर खिडकीत बसतो, तो मृग लागेपर्यंत हलत नाही. रामनवमी, हनुमान जयंती, घरोघरची भजनं, सगळं कूलरच्या झोतात. बुवा अंतऱ्यावर येतात आणि वहीचं पान परत स्थायीवर जातं. वजन म्हणून पानावर टाळ ठेवावा, तर टाळकरी ऐन द्रुतात तो उचलून नेतो. एकदा मी मोसंबी ठेवली होती. ती यजमानांच्या नातवाने खाल्ली.

म्हणजे टॅबलेट उन्हाळ्यासाठी घ्यायचा. आता आयपॅडचं माहितीपत्रक उघडा. हे यंत्र ० ते ३५ अंश तापमानात वापरावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४२च्या पुढे सहज जातो. थोडक्यात, ज्या महिन्यासाठी आपण तो घेतो त्या महिन्यात तो वापरायचा नाही. वादकाने किती अंशांपर्यंत वाजवावं, हे मात्र कोणी कुठे छापलेलं नाही. त्यामुळे आपण वाजवतो.

आकाराबद्दल लोक फार फसतात. टॅबलेटचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्याच हिशेबाने साधा ए-फोर कागद १४.३ इंची भरतो. आमच्या इथल्या दुकानात 'सगळ्यात मोठा' म्हणून दाखवतात तो अकरा इंची, जास्तीत जास्त तेरा. पियानोवाल्यांना या फरकाने घाम फुटतो, कारण त्यांना पानंच्या पानं वाचायची असतात. आपलं काय? बडा ख्याल घ्या. स्थायीच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन. बारा मात्रांचा विलंबित एकताल इतका संथ, की एक आवर्तन संपेपर्यंत श्रोता बाहेर जाऊन खर्रा घोटून आणतो. त्या चार ओळींच्या भरवशावर गवई पाऊण तास गातो, आणि त्या पाऊण तासातलं बहुतेक काहीच कुठे लिहिलेलं नसतं. उलटायला आपल्याकडे पानच नाही. तरीही मोठाच घ्यावा. पेटी चांगली दोन फूट रुंद असते. तिच्यावर छोटं यंत्र ठेवलं की पुढच्या रांगेला वाटतं, मास्तर व्हॉट्सॲप पाहून राहिले.

स्क्रीन किती स्पष्ट हवा, याचं उत्तर आपल्या दोन थोर पुरुषांनी अवघड करून ठेवलं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे. त्यांची क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांची. नाव दोघांचं विष्णु. ज्याला गाणं आवडतं त्याला ते लिहिता-वाचताही यावं म्हणून दोघांनी आयुष्य वेचलं, आणि खुणा मात्र अशा ठरवल्या की एकाचं पुस्तक वाचणाऱ्याने दुसऱ्याचं उघडू नये. भातखंडे पद्धतीत समेला फुली, ×. पलुस्कर पद्धतीत खालीला अधिक, +. स्वस्तातल्या आठ इंची टॅबलेटवर, तेही चष्मा घरी राहिला असेल तर, या दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. समेवर खाली आणि खालीवर सम. टिंबाचं तसंच. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्करांकडे तेच टिंब म्हणजे मंद्र. आमच्या मंडळाच्या वहीत दोन्ही पंथ एकाच पानावर नांदतात, कारण आमचे जुने मास्तर स्वतः शिकले एका पद्धतीने आणि मुलांना परीक्षेला बसवत दुसऱ्या. म्हणून स्क्रीन असा घ्यावा की टिंब दिसेल. ते कोणाचं, हे कोणताही टॅबलेट सांगत नाही.

यापुढचा सल्ला दोनदा वाचावा. लिपी कधीही टाइप करून टॅबलेटमध्ये घालू नये, पानाचा फोटोच काढावा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या पायाशी आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. टाइप केलेली फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर गेली की अक्षरं पोचतात, रेघा वाटेत गळतात. रेघा गेल्या की काय होतं? भैरवीचे रे, ग, ध, नी चारही शुद्ध होतात. भैरवचे रे-ध सुधारतात. कल्याणचा मध्यम खाली उतरतो. कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी, सगळे एका फॉन्टच्या कृपेने बिलावल होतात. दहावा मुळातच बिलावल. भातखंड्यांनी देशभर फिरून, उस्तादांची मिनतवारी करून रागांची दहा थाटांत विभागणी केली. मंडळाच्या सचिवांच्या मुलाने टाइप करून ती दहा मिनिटांत एकावर आणली.

हे मला कळलं ते दुर्गोत्सवात. आमचा दुर्गोत्सव म्हणजे कोलकात्याखालोखाल आम्हीच, असं यवतमाळकर पाहुण्याला स्टँडवरून घरी येईपर्यंत तीनदा सांगतो. मंडपात शेवटी भैरवी होती. बोटांना भैरवी पाठ आहे, पण टॅबलेट नवा, त्याचा मान राखायचा म्हणून मी डोळे स्क्रीनवर ठेवले आणि दिसला तसा शुद्ध गंधार दाबला. बुवांनी गाणं थांबवलं नाही. मान वळवून फक्त माझ्याकडे पाहिलं. नंतर चहा घेताना म्हणाले, "मास्तर, बिलावल बाकी चांगला वाजवता तुम्ही."

पान उलटण्यासाठी ब्लूटूथ पेडल मिळतं. जमिनीवर ठेवायचं, पायाने दाबायचं, पुढचं पान हजर. ज्याने हे शोधलं तो खुर्चीवर बसत असणार. हातपेटीवाला मांडी घालून बसतो. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि दोन्ही पाय स्वतःच्याच वजनाखाली. अर्ध्या तासाने पाय आहेत की नाहीत हे त्यालाही ठाऊक नसतं. त्यांनी पेडल काय दाबावं? मग म्हटलं, संगीत नाटकवाल्यांसारखी पायपेटी घ्यावी, तिला तर खुर्ची लागतेच. पण तिचा भाता पायांनी मारायचा. हात मोकळे झाले, म्हणजे तेही पट्ट्यांवर गुंतले, आणि पाय मात्र आता कायमचे नोकरीला लागले. पेडलसाठी तिसरा पाय हवा. तो फक्त तबलजीचा रिकामा असतो, आणि तबलजीचं मत आपण सुरुवातीला ऐकलंच आहे.

चेहऱ्याच्या हालचालीवर पान उलटणारी ॲप्सही आहेत. डोळा मिचकावला की पान पुढे. पुतण्याने मला ते चालू करून दिलं. त्या दिवशी समोर महिला भजनी मंडळ बसलेलं होतं. अधिक लिहीत नाही. सोय बंद करून घेतली आहे.

पट्टी बदलायची सोय म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत. परदेशी नोटेशनला तिची गरज पडते. आपली सरगम काळी चारला जी असते, तीच पांढरी एकला. सा कुठेही धरा, कागद तोच राहतो. या एका बाबतीत दोन्ही विष्णूंचं एकमत होतं आणि आपले पैसे वाचले.

किडे हा विषय कोणत्याच कंपनीने मनावर घेतलेला नाही. नवरात्रात शेतात सोयाबीन निघत असतं, रात्री दिव्याभोवती पाखरांची गर्दी. मंडपातली लाइट गेली की उजेडाची एकच जागा उरते, टॅबलेट. गावभरची चिलटं स्क्रीनवर उतरतात. एकेक चिलट नेमकं स्वराखाली बसतं आणि शुद्धाचा कोमल करतं. बोटाने झटकावं तर पान उलटतं. परत आणावं तर दोन पानं मागे जातं. या गडबडीत भाता थांबतो आणि बुवा पुन्हा मान वळवतात. यावर उपाय सापडलेला नाही. स्क्रीनचा उजेड कमी केला की किडे जातात आणि अक्षरंही.

शेवटी टॅबलेट ठेवायचा कुठे? पेटीच्या झाकणावर ठेवला तर आवाज दबतो, आणि खर्जाचा सा लावला की त्याचं कव्हर सोबत गुणगुणतं. स्टँड गादीवर डुगडुगतो. भात्याकडच्या कडेला तिरका टेकवला तर बरोबर दिसतो, पण खाली टेकू लागतो. आमच्या जुन्या मास्तरांची वही मी त्यासाठी वापरतो. लाल कापडी पुठ्ठा, पाठीला चिकटपट्टी, एका पानावर चहाच्या कपाचा गोल, आणि भैरवीच्या पानाच्या कडेला निळ्या शाईत त्यांनी लिहिलेलं : इथं घाई नको. लाइट गेली, बॅटरी संपली किंवा चिलटं आली, की टॅबलेट बाजूला करून तीच वही वर घेतो.

तेव्हा टॅबलेट तुम्हाला परवडेल तो घ्या. वही मात्र दोनशे पानी घ्या. शंभर पानीवर कोन नीट बसत नाही.