क्योतोतले खाष्ट दगड

क्योतोच्या मोठ्या रस्त्यांवर हरवायची सोयच नाही. इ. स. ७९४ मध्ये ही राजधानी वसवताना चीनच्या चांगआन नगरीचा आदर्श समोर होता, त्यामुळे सगळं उभं-आडवं, काटकोनात. मजा सुरू होते ती गल्लीत शिरल्यावर. तिथली जुनी लाकडी घरं, म्हणजे माचिया, समोरून अरुंद आणि आत लांबच लांब. दर्शनी बाजूला बारीक पट्ट्यांच्या जाळ्या. आतल्या माणसाला आपण दिसतो, आपल्याला आतलं काही दिसत नाही. शहर बघायला आपण आलेले, पण बघितले जातो आपणच.

अशा गल्लीच्या कोपऱ्यावर, घराच्या भिंतीला लागून, पुष्कळदा एक दगड असतो. बुटका, ओबडधोबड. देवाचा नाही, शोभेचा नाही, बसायचा तर नाहीच. वळणावर गाडी घासून भिंत सोलवटू नये म्हणून मालकाने ठेवलेला. याला म्हणतात इकेझु इशी, खाष्ट दगड. मला हा प्रकार बेहद्द आवडला. मालक भांडत नाही, ओरडत नाही, खिडकीतून डोकावतही नाही. घाला की गाडी खुशाल. पत्रा तुमचा आहे.

मग हळूहळू लक्षात येतं, की अख्खी गल्लीच चकार शब्द न काढता ‘नको’ म्हणते आहे. भिंतीच्या पायथ्याशी बांबूच्या कांबट्यांचं बाकदार कुंपण टेकवलेलं असतं, ते पावसाचा चिखल आणि कुत्र्यांच्या तंगड्या दोन्ही लांब ठेवतं. तीच सवय असलेल्या माणसांसाठी भिंतीवर छोटीशी लाल तोरी, शिंतो देवळाची कमान. आपल्या इमारतींच्या जिन्यात देवांच्या टाइल्स ज्या नोकरीवर असतात, तीच हिची नोकरी. फक्त आपल्याकडे सगळ्या धर्मांचे देव रांगेने उभे करावे लागतात, इथे नुसत्या दारावर भागतं.

मान वर केली की शोकी दिसतो. तळमजल्याच्या कौलांवर उभा, दाढीवाला, डोळे वटारलेला, बहुधा हातात तलवार. मूळचा चिनी, भुताखेतांचा कर्दनकाळ. गोष्ट अशी सांगतात, की एका औषधवाल्याने घरावर राक्षसमुखी कौल बसवलं. त्याने परतवलेली पीडा समोरच्या घरात गेली आणि तिथली बाई अंथरुणाला खिळली. त्या लोकांनी शोकी घडवून छपरावर ठेवला, बाई खडखडीत बरी. आता शोकीने परतवलेली पीडा कुठे गेली, हे मात्र गोष्टीत येत नाही. म्हणून रीत अशी, की समोरही शोकी असेल तर आपला जरा तिरपा बसवावा, दोघांची नजरानजर होऊ देऊ नये. पीडा तिसऱ्याकडे जाईल, तो आपलं आपण बघून घेईल. शेजारधर्माची इतकी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

झाडलोटीचंही तेच. सकाळी दारापुढचा रस्ता झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत फूटभर शिरायचं. अजिबात न शिरणं म्हणजे कोरडेपणा; फार आत शिरलात, तर त्याला चारचौघांत आळशी ठरवलंत.

हे सगळं न सांगता कळायला माणूस तिथलाच मुरलेला हवा. गिओन या गेइशांच्या वस्तीत माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पाहुण्यांना ना दगड कळला, ना बांबू. शेवटी रहिवाशांनी सरळ पाट्या लावल्या. २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद. शिरलात तर दंड १०,००० येन. हानामिकोजी हा मुख्य रस्ता तेवढा सार्वजनिक, म्हणून मोकळा. त्याच्याच कडेला उभा राहून मी पाटी वाचत होतो. पाटीशेजारी उभ्या बायकोला नवरा फोन डोळ्यासमोर धरून हाताने खुणावत होता, अजून जरा मागे, अजून जरा. तिचा एक पाय दहा हजार येनांच्या हद्दीत केव्हाच पडला होता.