लिस्बनकडची थकबाकी

युरोपातल्या जुन्या राजधान्यांची माहितीपत्रकं लिहिणारी माणसं बहुधा पंचविशीतली असावीत. लिस्बनविषयी ती लिहितात, ‘सात टेकड्यांवर वसलेलं रमणीय शहर’. पन्नाशी उलटलेल्या माणसाने यातलं ‘रमणीय’ सोडून द्यावं आणि ‘सात टेकड्या’ दोनदा वाचावं. या शहरात जिथे म्हणून जायचं असतं ते ठिकाण वर असतं. किल्ला वर, चर्च वर, हॉटेल वर, आणि हॉटेलातली आपली खोली त्याच्याही वर. एक चढ संपला की कठडा घातलेली मोकळी जागा येते. तिथून लाल कौलं दिसतात, समुद्राएवढी रुंद झालेली टेगस नदी दिसते आणि पुढचा चढही दिसतो. माणसं तिथे तासन्‌तास बसून असतात. ती सौंदर्य न्याहाळत असतात असा आपला गैरसमज होतो. ती दम खात असतात.

त्यात पायाखाली चुनखडीचे बारके काळे-पांढरे दगड बसवून केलेली नक्षी. रोसिउच्या चौकात तर अशा लाटा काढल्यात की सपाट जमिनीवरही तोल जातो. लोकांच्या चपला-बुटांनी हे दगड इतके गुळगुळीत झालेत, की चार थेंब पडले की पर्यटक भिंत धरून चालू लागतात. त्याच वेळी शेजारून एखादी लिस्बनकर बाई उंच टाचांचे बूट घालून, फोनवर बोलत, उतारावरून झपाझप निघून जाते. तिच्याकडे बघू नये. आपण आपली भिंत धरावी.

आमच्या या सहलीला एक जादा ओझं होतं. आमचे यजमान बँकेतून निवृत्त झाले, आणि नोकरीचा बहुतेक काळ ते वसुली विभागात होते. निघण्याआधी त्यांनी कुठेतरी वाचलं, की बेलेमचा तो प्रसिद्ध जेरोनिमुश मठ बांधायला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेला पाच टक्के कर वापरला होता. झालं. त्या दिवसापासून लिस्बन हे त्यांच्या लेखी पर्यटनस्थळ उरलं नाही, थकीत खातं झालं.

“म्हणजे हे सगळं आपल्या पैशातून उभं आहे,” ते म्हणाले.

“अहो, मसाला केरळचा. तुम्ही साताऱ्याचे.”

“शाखा वेगळी असेल. बँक एकच.”

मग एक छोटी वही विकत घेण्यात आली. डाव्या पानावर येणं, उजव्या पानावर देणं.

वहीतली पहिली नोंद उजव्या पानावर झाली, आणि ती जेवणाच्या टेबलावर. लिस्बनच्या खानावळीत तुम्ही बसता न बसता तोच वेटर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीजचा तुकडा आणून ठेवतो. आपण न मागता. मराठी माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही. पानात मीठ, लिंबू, चटणी आधी यायचीच असते. यजमानांचा चेहरा उजळला. “बघ, निदान व्याज तरी द्यायला लागले.” ऑलिव्हची वाटी रिकामी झाली. बिल आलं तेव्हा पाव वेगळा, लोणी वेगळं, ऑलिव्ह वेगळं, आणि दोन माणसं म्हणून गुणिले दोन. तिथली रीत अशी, की न मागता आलेलं खाल्लं तर पैसे, हात न लावता परत पाठवलं तर नाही. रीत चोख आहे. पण चार चढ चढून आलेल्या माणसासमोर गरम पाव ठेवायचा आणि तो हात लावतो का ते बघायचं, याला आमच्याकडे सत्त्वपरीक्षा म्हणतात.

शाकाहारी मंडळींनी थोडं सावध असावं. काल्दु वेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं सूप मिळतं. दिसायला सात्त्विक, पण तळाशी डुकराच्या सॉसेजची चकती दबा धरून बसलेली असते. आम्ही मासे खाणारे, त्यामुळे आमचं भागलं. पण या देशाचा लाडका मासा, बकल्याव, त्यांच्या समुद्रात सापडतच नाही. तो उत्तरेच्या थंड समुद्रातला कॉड, मीठ लावून वाळवलेला. आज बराचसा नॉर्वेहून येतो. दुकानात त्याच्या फळ्याच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात आणि वासावरून दुकानाचा पत्ता लागतो. सुकट खाऊन वाढलेल्यांना नाक मुरडायचा अधिकार नाही, म्हणून मी मुरडलं नाही.

अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसल्याशिवाय लिस्बन पाहिलं असं होत नाही, असं सगळे सांगतात. पिवळी, लाकडी बाकांची, १९३०च्या दशकातल्या बांधणीची ही ट्राम अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून अशी वळते, की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली फोडणी ढवळता यावी. ती सार्वजनिक वाहन आहे हे फक्त कागदावर. आत सगळे आमच्यासारखे, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या आजी थांब्यावरच. खिसेकापूंपासून सावध राहा, अशा सूचना जागोजागी. मुलुंड ते सीएसएमटी अशी उमेदवारी केलेल्या मला त्याचं काही वाटलं नाही. मी पर्स छातीशी धरून, कोपर बाहेर काढून उभी राहिले. शेजारच्या जर्मन गृहस्थाने उतरताना माझ्याकडे जरा भीतीने पाहिलं. ही ट्राम जिथे संपते तिथे प्राझेरिशची दफनभूमी आहे. सरूची झाडं, सावली, शांतता. आख्ख्या मार्गावर बसायला निवांत जागा मिळाली ती तिथेच.

या शहराची खरी गोष्ट मात्र चढांची नाही, त्याच्या मधल्या सपाट भागाची आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. जे धावत नदीकाठी गेले त्यांच्यावर लाटा आल्या, आणि जे उरलं त्याला आग लागली. ती कित्येक दिवस जळत होती. राजा जुझे पहिला त्या सकाळी कुटुंबासह शहराबाहेर होता, म्हणून वाचला. पण दगडी छपराची त्याने इतकी धास्ती घेतली, की पुढे आजुदाच्या टेकडीवर आधी तंबू आणि मग लाकडी महाल बांधून राहिला. १७७७ मध्ये मेला तोवर तिथेच. मुंबईकरांना हे समजायला वेळ लागणार नाही. राजा आयुष्यभर संक्रमण शिबिरात राहिला.

पुनर्विकास केला त्याच्या प्रधानाने, पुढे मार्केस द पॉम्बाल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने. त्याने पडझड साफ करून सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले, आणि घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचीक राहील. सांगाडा टिकतो का हे पाहायला नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत संचलन करायला लावलं होतं, असं सांगतात. यजमान त्या रस्त्यात बराच वेळ उभे राहून भिंतींकडे बघत होते. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास गेली कित्येक वर्षं फक्त सर्वसाधारण सभेत होतो आहे. “हा पॉम्बाल,” ते म्हणाले, “आपल्याला कमिटीवर हवा होता.” पॉम्बाल विरोधकांना फासावर चढवत असे, हे मी त्यांना सांगितलं. त्याने त्यांचं मत बदललं नाही.

वर कार्मूचा मठ भूकंपात छप्पर गेलं तसाच ठेवला आहे. नुसत्या कमानी आणि त्यांच्यामधून आकाश. लिस्बनमधलं मला सर्वांत आवडलेलं ठिकाण तेच. तिथे जायला सांता जुश्ता नावाची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट आहे, पंचेचाळीस मीटर उंच, आणि तिच्यापुढे तेवढीच लांब रांग. रांगेतल्या कुणाला सांगू नका, पण शियादूच्या बाजूने चढून गेलं की मठाच्या मागून याच लिफ्टच्या वरच्या पुलावर पायी पोचता येतं. वहीच्या डाव्या पानावर ‘लिफ्टचे वाचले’ अशी नोंद झाली.

डावं पान मग भरतच गेलं. साँव जॉर्जच्या किल्ल्यात मोर हिंडत होते. ‘मोर, नग अनेक.’ साँव व्हिसेंतच्या मठात ब्रागांझा घराण्याच्या राजाराण्यांच्या थडग्यांमध्ये राजकन्या कॅथरीन आहे. हिच्याच १६६१च्या विवाहकरारात मुंबई आंदण म्हणून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला गेली. चार्ल्सने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंडांत आज लिस्बनला दोन माणसांचं धड जेवण होत नाही, ऑलिव्ह न खाताही. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने मुंबई देऊ नका म्हणून राजाला परोपरीने बजावलं होतं. मुंबईतल्या जागेची किंमत कळलेला तेवढा एकच माणूस, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. यजमान कॅथरीनपुढे वही उघडून उभे राहिले, पण कोणत्या पानावर लिहावं हे त्यांना ठरवता येईना.

एका संध्याकाळी फादू ऐकायला गेलो. फादू सुरू झालं की दिवे मंद होतात आणि सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. वेटरसुद्धा वाढायचे थांबतात. गाणारी बाई काळी शाल पांघरून, डोळे मिटून, समुद्रावर गेलेल्या कुणासाठी तरी कळवळून गात होती. आमचं सूप गार झालं. शब्द एकही कळला नाही, तरी यजमानांनी डोळे पुसले. गाणं ऐकून की मेन्यूवरच्या किमती पाहून, हे मी विचारलं नाही.

आणि शेवटी बेलेम. व्हास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच निघाला. नदीकाठी दर्यावर्दींचं अवाढव्य स्मारक आहे, दगडी माणसं रांगेने समुद्राकडे बघत उभी. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते १९६० मध्ये दगडात उभं केलं, म्हणजे साम्राज्य कसं अढळ आहे ते जगाला दिसावं. पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा हातचा गेला.

जेरोनिमुश मठ मात्र खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारा आहे. दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, वेली. पाच टक्क्यांत एवढं होत असेल तर उरलेल्या पंच्याण्णवचं काय केलं असेल, या विचाराने यजमान अस्वस्थ झाले. दारातून आत शिरताच एका बाजूला व्हास्कोचं थडगं, समोर कवी कामोइंशचं. व्हास्को १५२४ मध्ये कोचीला मेला. आणि वेदीजवळ राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींनी पाठीवर तोलून धरल्या आहेत. “बघ,” यजमान म्हणाले, “मेल्यावरसुद्धा यांचं ओझं आपणच वाहायचं.” ‘हत्ती’ डाव्या पानावर गेले.

बेलेमच्या बुरुजापाशी हिशेबाचा कळस झाला. त्याच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली, नाक झिजलेलं, एका गेंड्याचं दगडी डोकं आहे. हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या मुजफ्फरशाहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला, त्याने गोव्याहून राजा मानुएलकडे पाठवला, आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती गेंड्याला पाहून पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं. जर्मनीत चित्रकार ड्यूररने जनावर न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कुणाच्या तरी रेखाटनावरून, चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला आणि युरोपने पुढची दोन-अडीचशे वर्षं तोच खरा मानला.

यजमानांनी ठळक अक्षरांत ‘गेंडा, नग एक, बुडीत’ असं लिहिलं आणि बेरीज करायला घेतली. मला राहवलं नाही.

“अहो, चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चांच्या घंटा आणल्या, त्या कुठे आहेत?”

“भीमाशंकरला. नाशिकला नारोशंकराच्या देवळात.”

“मग त्या लिहिल्यात का उजवीकडे? गेंडा त्यांना भेट मिळाला होता. घंटा आपण काढून आणल्या.”

ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग वही खिशात गेली आणि आम्ही पाश्तेल खायला गेलो.

पाश्तेल म्हणजे खुसखुशीत पारीत भाजलेलं अंड्याच्या बलकाचं गोड सारण. मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्यातलं पांढरं वापरत आणि बलक उरत, म्हणून हा पदार्थ सुचला, असं सांगतात. १८३४ मध्ये देशातले मठ बंद झाले, त्यानंतर मठाची कृती शेजारच्या दुकानात गेली, आणि १८३७ पासून ते दुकान चालू आहे. कृती आजही गुप्त. वरून भुरभुरायला टेबलावर दालचिनी ठेवलेली असते. यजमानांनी ती जरा जास्तच भुरभुरली, आणि मी अडवलं नाही. लिस्बनमध्ये चढ चढल्याचं चीज झालं असं ज्याला नि:शंकपणे म्हणता येईल ते हे पाश्तेल, आणि गंमत म्हणजे ते सपाटीवर मिळतं.

तुमचंही तिथे काही येणं बाकी असेल तर जरूर जा, फक्त सोमवार टाळा. मठ सोमवारी बंद असतो. पाश्तेलचं दुकान उघडं असतं.