‘इतर’ला आवर घाला

विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत फक्त पीएच.डी.चे प्रबंध पाहायचे असतील, तर पडद्याच्या कडेला ‘टाइप’ची यादी असते. ती उघडून बघा. ‘थीसिस’ एक, ‘थीसेस’ दुसरं, ‘पीएच.डी. थीसिस’ तिसरं, ‘डिझर्टेशन’ चौथं आणि तळाशी ‘अदर’. असं चित्र सर्रास दिसतं. यातल्या एकावर टिचकी मारली की बाकीच्या नावांखालचे प्रबंध नजरेआड होतात. शोधणाऱ्याची समजूत होते की या विषयावर इथे कामच झालेलं नाही. मग तो तेच काम नव्याने हाती घेतो किंवा विषयच सोडून देतो.

यात शोधणाऱ्याचा काही दोष नाही. दोष ग्रंथालयांचा आहे आणि ग्रंथालयांना या कामासाठी माणूस न देणाऱ्या विद्यापीठांचा तर त्याहून जास्त आहे.

आपल्याकडच्या रिपॉझिटरी बहुतेक ‘डीस्पेस’ या सॉफ्टवेअरवर चालतात. एमआयटी आणि ह्यूलेट पॅकर्ड यांनी मिळून ते 2002 साली खुलं केलं. ते बसवलं की प्रकारांची वीसेक नावांची यादी तयार मिळते. तिच्यात संगीताची स्वरलिपी आहे, त्रिमितीय चित्र आहे, इमारतीचा आराखडा आहे. परिषदेत वाचलेला निबंध मात्र नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या ‘ईप्रिंट्स’मध्ये परिषदेच्या निबंधाला स्वतंत्र जागा आहे आणि ‘थीसिस’ निवडलं की कुठल्या पदवीचा, हेही तिथे पुढे विचारलं जातं. म्हणजे आपण बोटही लावायच्या आधी दोन सॉफ्टवेअरांचं आपसात जमत नाही. एकाच प्राध्यापकाचा एकच निबंध एका ठिकाणी ‘आर्टिकल’, दुसऱ्या ठिकाणी ‘कॉन्फरन्स आयटम’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘प्रेझेंटेशन’ म्हणून नोंदला जातो.

त्यावर आपण आपली भर घालतो. डीस्पेसमधली ही यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. सर्व्हरचा पासवर्ड असलेला कोणीही ती बदलू शकतो आणि बदलतोही. एका विभागप्रमुखाने मागणी केली म्हणून ‘सेमिनार पेपर’ आला, मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हणून ‘फॅकल्टी पब्लिकेशन’ आलं. कोणी का बदललं याची नोंद राहत नाही. ग्रंथपाल निवृत्त झाले की कारणही त्यांच्याबरोबर जातं आणि यादी तशीच राहते.

खरा घोळ मात्र नावांच्या गर्दीपेक्षा खोल आहे. ही यादी एकाच रकान्यात चार वेगळे प्रश्न विचारते. ‘थीसिस’ हे लेखनाचं स्वरूप झालं, ‘व्हिडिओ’ हे माध्यम, ‘प्रीप्रिंट’ ही लेखाची अवस्था आणि ‘फॅकल्टी पब्लिकेशन’ म्हणजे कोणी लिहिलं ते. मग परिषदेतल्या भाषणाची ध्वनिफीत कशात टाकायची? भाषणात की ध्वनिमुद्रणात? अपलोड करणारा विद्यार्थी किंवा लिपिक क्षणभर विचार करतो आणि ‘अदर’ निवडतो. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

हा प्रश्न किती अवघड आहे ते पाहायचं तर महाराष्ट्र शासनाने 1979 साली प्रसिद्ध केलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड हातात घ्या. बहुतेक डिजिटल संग्रहांत तो ‘बुक’ म्हणून एका पीडीएफमध्ये पडून असतो. आत काय आहे? जातिसंस्थेवरचा पहिला निबंध बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचला आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. म्हणजे तो सेमिनारमधला निबंध आहे, नियतकालिकातला लेख आहे आणि आता ग्रंथातलं प्रकरणही आहे. त्याच खंडात 1918चा छोट्या शेतजमिनींवरचा लेख आहे. साउथबरो समितीपुढची साक्ष आहे. भाषावार प्रांत आयोगाला 1948 साली दिलेलं निवेदन आहे. पुण्यात 29 जानेवारी 1939 रोजी दिलेलं, गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मृती व्याख्यान आहे. आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण प्रत्यक्ष दिलंच गेलं नाही. बाबासाहेबांनी 1936 साली ते स्वतः छापून काढलं. डीस्पेसच्या तयार यादीतला कुठला शब्द त्याला लावणार?

हे शब्द लावणं म्हणजे कारकुनी नव्हे. साक्ष आणि व्याख्यान यांत फरक आहे. समितीपुढे बोलताना माणूस एका विशिष्ट मागणीसाठी बोलतो, व्याख्यानात तो समोरच्या श्रोत्यांना पटवत असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा फरक आधी कळायला हवा, तरच तो मजकूर नीट वाचू शकतो. ‘बुक’ या एका शब्दाने हा फरक पुसला जातो. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा 1923 साली लंडनमध्ये छापलेला ग्रंथ लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी केलेल्या कामातून आला, हेही त्या शब्दातून कळत नाही. ग्रंथालयाने एवढं नोंदवलं नाही तर दुसरं कोण नोंदवणार?

प्रकार नीट नोंदवणं हे एका संस्थेचं काम झालं. सगळ्या संस्थांनी एकसारखं नोंदवणं ही पुढची पायरी, आणि तिच्याशिवाय पहिलीचा अर्धा उपयोग वाया जातो. कारण रिपॉझिटरी एकट्या राहतच नाहीत. ओएआय-पीएमएच या पद्धतीने एका सर्व्हरवरची नोंद दुसऱ्या सर्व्हरला उचलता येते. आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी अशा ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करते. एकत्र करणाऱ्या यंत्राला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. मूळ नोंदीत जे आहे ते तिथे जातं. शंभर ग्रंथालयांची शंभर मतं तिथे पोहोचली की कोणालातरी बसून ती जुळवावी लागतात, आणि मूळ वस्तू समोर नसताना जुळवताना चुका होणारच.

1995 साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावी सुरू झालेल्या ‘डब्लिन कोअर’ या नोंदींच्या मानक पद्धतीने ‘टाइप’साठी स्वतःची यादी दिली, पण तिच्यात बाराच नावं आहेत. प्रबंध, लेख, अहवाल, प्रश्नपत्रिका सगळ्यांना तिथे एकच नाव: ‘टेक्स्ट’. विद्यापीठाचं त्यात भागत नाही. गरजेला पुरेल असं उत्तर ‘कोअर’ (डब्लिनवालं नव्हे, हा मुक्त रिपॉझिटरींचा 2009 साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय संघ) या संस्थेने तयार केलेलं आहे. तिच्या शब्दसूचीत प्रकार एकाखाली एक लावलेले आहेत. ‘थीसिस’च्या पोटात पदवीचा, पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचा असे तीन वेगळे. व्याख्यानाला जागा आहे, परिषदेच्या निबंधाला आहे, पोस्टरलाही आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रकाराला एक कायमचा सांकेतिक क्रमांक आहे. डॉक्टरेटच्या प्रबंधाचा संकेत मराठी, स्पॅनिश, जपानी कुठल्याही रिपॉझिटरीत तोच.

आपल्या देशाने ही युक्ती एकदा करून दाखवलेली आहे. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते आणि चुकीची स्पेलिंग यांनी टपालखातं हैराण झालं होतं. तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली. गावाचं नाव कोणी कसंही लिहो, सहा आकडे बरोबर असले की पत्र पोहोचतं. रिपॉझिटरीतही हेच करायचं आहे. दिसायला ‘शोधप्रबंध’ ठेवा, ‘पीएच.डी. थीसिस’ ठेवा, ‘विद्यावाचस्पती प्रबंध’ ठेवा. आत संकेत एकच हवा.

मग ‘आमची गरज वेगळी आहे’ ही तक्रार उरते, आणि ती पोकळ नाही. मराठी विभागांचं कितीतरी संशोधन गौरवग्रंथांत, स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत छापलेलं आहे. वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’मधल्या लेखाला साधा मासिकातला लेख म्हणायचं की संशोधनपत्रिकेतला, यावर विद्वानांत वाद होऊ शकतो. तो व्हावा. पण एकदाच, सगळ्यांनी मिळून, आणि त्याचा निकाल लेखी असावा. गौरवग्रंथातला लेख ‘ग्रंथातलं प्रकरण’ या मोठ्या प्रकाराखाली स्थानिक पोटप्रकार म्हणून आनंदाने बसतो. महाविद्यालयाचा वार्षिकांक, हस्तलिखित पोथी, जुन्या प्रश्नपत्रिका यांनाही स्थानिक नावं द्या, फक्त प्रत्येक स्थानिक नाव वरच्या कुठल्यातरी सामाईक प्रकाराला बांधलेलं असू द्या. स्वतंत्र बेट करू नका.

एम.फिल.चं तेवढं लगेच करावं लागेल. 2022च्या नियमांनी यूजीसीने एम.फिल. बंद केली. ते प्रबंध आता वाढणार नाहीत, पण गेल्या काही दशकांतले हजारो आहेत आणि कुठे ‘थीसिस’, कुठे ‘डिझर्टेशन’ म्हणून विखुरलेले आहेत. अमेरिकेत हे दोन शब्द आपल्यापेक्षा बरोबर उलटे वापरतात, त्यामुळे परदेशातल्या वाचकाचा गोंधळ दुप्पट होतो. ज्यांच्या कपाटात ते आहेत, ती माणसं अजून नोकरीत आहेत तोवरच हे काम उरकावं.

पीएच.डी.च्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. 2009च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ उभं राहिलं. तिथे प्रबंध प्रकरणाप्रकरणाने चढवतात, फाइलींची नावंसुद्धा ठरलेली असतात. मुखपृष्ठाला 01, शिफारशींना 80. एका ठिकाणाहून नियम निघाला की देशभरची विद्यापीठं तो पाळू शकतात, याचा हा धडधडीत पुरावा आहे. तीच शिस्त लेख, अहवाल, व्याख्यानं आणि विदासंच यांना लावायला कोणी अडवलेलं नाही.

आणि हे केलं नाही तर भुर्दंड विद्यापीठालाच बसतो. नॅकच्या अहवालात नियतकालिकांतले लेख एका निकषाखाली मोजतात, पुस्तकं, प्रकरणं आणि परिषदेतले निबंध दुसऱ्याखाली. रिपॉझिटरीत प्रकार नीट असता तर हा आकडा क्षणात निघाला असता. आज त्यासाठी प्रत्येक प्राध्यापकाला कोरा तक्ता पाठवला जातो, तो अर्धवट भरून परत येतो आणि अंतर्गत गुणवत्ता कक्षातली माणसं रात्री जागून तो जुळवतात. जी माहिती ग्रंथालयाकडे आधीच होती, तीच दर वेळी नव्याने गोळा होते. यात श्रम आणि पैसा दोन्ही जातात, आणि आकडा चुकला तर विद्यापीठाची पतही.

विद्यापीठांच्या ज्ञानस्रोत केंद्रांच्या, म्हणजे ग्रंथालयांच्या, संचालकांना म्हणून थेट विनंती. या सत्रात एकदा एकत्र बसा. कोअरची सूची समोर ठेवा, आपले स्थानिक प्रकार तिच्याखाली बांधा, मराठी नावं ठरवा आणि ती यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करा. डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीपासून हे संकेत बाहेर पाठवायची सोय आहे, जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलून घ्या. माध्यम, अवस्था आणि स्वरूप यांचे रकाने वेगळे करा. प्रकार ठरवायचं काम अपलोड करणाऱ्यावर सोडू नका, ग्रंथपालाने तो तपासल्याशिवाय नोंद खुली होऊ देऊ नका. मग ‘अदर’ उघडा आणि आतली प्रत्येक नोंद स्वतः वाचून योग्य जागी लावा. कुलगुरूंनी त्यासाठी एक प्रशिक्षित माणूस आणि वर्षभराचा वेळ द्यावा. तेवढं मिळाल्याशिवाय हे होणार नाही, आणि तेवढं मिळालं तर न होण्याचं काही कारण नाही.