भावनांचे सेक्रेटरी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांच्या बायकोसकट सगळे ‘सेक्रेटरी’च म्हणतात. “सेक्रेटरी, पान वाढलंय,” अशी हाक दुसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत येते आणि ते मिनिटबुक मिटून वर जातात. माणूस वाईट नाही. टाकी वेळेवर धुऊन घेतात, लिफ्टवाल्याला आवाज न चढवता बोलावतात, मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची नावं फळ्यावर लावताना स्वतःच्या मेव्हण्यालाही सोडत नाहीत. उभा जन्म बँकेच्या क्लिअरिंग खात्यात सह्या जुळवण्यात गेला, त्यामुळे कुठल्याही कागदाकडे ‘यात काहीतरी गडबड असणार’ अशा नजरेनंच बघतात. शुभेच्छापत्राकडेही.

त्यांना एकच दुखणं आहे. दुसऱ्यांच्या भावना.

भावना दुखावून घेणारी माणसं आपल्याकडे दोन प्रकारची. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा. तो स्वतःच्या भावना दुखावून घेतो, आवाज करतो, पेपरात येतो. 2021 च्या ऑक्टोबरात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानसाखळीनं दिवाळीच्या तोंडावर ‘जश्न-ए-रिवाज’ असं उर्दू नाव देऊन जाहिरात केली, तेव्हा या प्रकारानं इतका गलका केला की जाहिरात मागे घ्यावी लागली. दुसरा प्रकार मवाळ. तो स्वतः कशानंच दुखावत नाही, पण शेजारी दुखावेल या धसक्यानं त्याला झोप लागत नाही. शेजाऱ्याला विचारावं असंही त्याला वाटत नाही, कारण विचारल्यानं तो दुखावला तर? सेक्रेटरी या दुसऱ्या प्रकारातले. गलका करणाऱ्याला निदान पोलीस आवरू शकतात. सेक्रेटरींना कोण आवरणार?

आमची इमारत वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला. पहिल्या मजल्यावर मूळचे रत्नागिरीकडचे चाचा, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिसऱ्यावर टीचर, वसईच्याच ख्रिस्ती, मराठी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. तळमजल्यावर जैन मावशी. चौथ्यावर वकील, ते नास्तिक आहेत आणि सेक्रेटरींना सर्वात जास्त धास्ती त्यांचीच. बाकीच्यांना वर्षातून ठरावीक दिवशी काय म्हणायचं ते कॅलेंडरात असतं. नास्तिकाला कुठल्या दिवशी काय म्हणायचं नाही, हे कालनिर्णयही सांगत नाही.

दिवाळीला गेटवर आकाशकंदील लागतो. पूर्वी तो नुसता लागायचा. सेक्रेटरी आल्यापासून आधी चाचांच्या दारावरची बेल वाजते.

“चाचा, कंदील लावतोय. तुम्हाला चालेल ना?”

“चालेल म्हणजे? शिडी कोणाची?”

शिडी चाचांची असते. ती धरूनही तेच उभे असतात, कारण वॉचमनला उंचावर चक्कर येते आणि आम्हा बाकीच्यांना ऐन वेळी फोन येतात. तरी सेक्रेटरी दर वर्षी विचारतात आणि चाचा दर वर्षी आधी दुकानाचं शटर वर करून शिडी काढून देतात, मग उत्तर देतात.

फळ्यावरच्या मजकुराची कथा जास्त हृद्य आहे. पहिल्या वर्षी सेक्रेटरींनी सरळ लिहिलं होतं, ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’. पुढच्या वर्षी त्यात ‘सर्वधर्मीय’ आलं. मग वकिलांची आठवण होऊन ते खोडलं गेलं आणि ‘सर्व सभासदांना’ झालं. त्यात भाडेकरू दुखावतील म्हणून ‘सभासद व भाडेकरू’. मग ‘दिवाळी’ हाच शब्द एकतर्फी वाटू लागला. गेल्या वर्षी फळ्यावर शेवटी उतरलं ते असं: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की येत्या आठवड्यात प्रकाशाचा कालावधी आहे. कृपया नोंद घ्यावी.’

इमारतीनं नोंद घेतली. जैन मावशींनी पिंपं भरून ठेवली. दोन बिऱ्हाडांनी इन्व्हर्टर तपासून घेतले. कोणीतरी महावितरणला फोन करून लोडशेडिंग नक्की किती वाजता, असं विचारलं. नरक चतुर्दशीला पहाटे निम्म्या इमारतीनं पाणी जाण्याआधी म्हणून घाईघाईनं अभ्यंगस्नान उरकलं.

डिसेंबरात सेक्रेटरी आणखी हळवे होतात. टीचरना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी फळ्यावर मोठ्या कष्टानं इंग्रजीत ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ लिहिलं. टीचर संध्याकाळी भाजी घेऊन आल्या, थांबल्या, पर्समधून पेन काढलं.

“सेक्रेटरी, कसला सीझन? वालाच्या शेंगांचा?”

“तसं नाही टीचर... ख्रिसमस म्हटलं तर इतरांना...”

“आणि हे इंग्रजीत कोणासाठी?”

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर उत्तर स्पष्ट होतं. आता, ही वसई. इथल्या चर्चांमधून मराठीत प्रार्थना होतात, इथून ‘सुवार्ता’ मासिक निघतं, आणि त्याचं संपादन वर्षानुवर्षं करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2020 साली. (तेव्हाही काहींच्या भावना दुखावल्या होत्या. ते पहिल्या प्रकारातले. संमेलन झालं.) टीचरनी फळा पुसला, स्वच्छ वळणदार अक्षरात ‘नाताळच्या शुभेच्छा’ लिहिलं आणि जाता जाता शेजारच्या थकबाकीच्या नोटिशीतल्या दोन वेलांट्याही दुरुस्त केल्या.

सेक्रेटरींना हे वळण लागलं त्याला थोडा त्यांचा मुलगा जबाबदार. तो अमेरिकेत, सिअ‍ॅटलला असतो. त्यानं एकदा फोनवर तिथली जुनी गोष्ट सांगितली. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या विमानतळावर ख्रिसमसची झाडं उभी होती. एका ज्यू धर्मगुरूंनी म्हटलं, शेजारी हनुकाचा मेनोरा, म्हणजे त्यांची दिव्यांची समई, ठेवू द्या; नाहीतर दावा लावू. विमानतळवाले घाबरले आणि त्यांनी रातोरात झाडंच उचलली. इथे फोन कट झाला. ‘झाडंच उचलली’ हे सेक्रेटरींना कमालीचं भावलं. आता गोष्टीचा पुढचा भाग असा की ते धर्मगुरूच कळवळून म्हणाले, मी झाडं काढा म्हटलंच नव्हतं, आणि मग थोड्याच दिवसांत झाडं परत आपल्या जागी आली. पण तेवढं ऐकायला सेक्रेटरींनी पुन्हा फोन लावला नाही.

वकिलांनी त्यांना समजावून बघितलं. तिकडचा वाद सरकारी इमारतींचा आहे, ते म्हणाले. पिट्सबर्गच्या खटल्यात 1989 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं कोर्टाच्या जिन्यात एकटा मांडलेला ख्रिस्तजन्माचा देखावा नाकारला, पण दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी उभा असलेला 18 फुटी मेनोरा चालवून घेतला. सरकारनं एका धर्माच्या बाजूनं उभं राहू नये, एवढाच मुद्दा. “आपण सरकार नाही, सेक्रेटरी. आपण सहकारी गृहनिर्माण संस्था.” मग सेक्रेटरींनी दंड विधानातलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295 अ काढलं. वकील म्हणाले, ते 1927 चं कलम, हल्ली न्याय संहितेत 299 झालंय; आणि त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं असं स्पष्ट आहे. “तुमच्या कंदिलाचा हेतू काय?” सेक्रेटरी विचारात पडले. कंदिलाच्या हेतूबद्दल ते ठामपणे काही सांगायला तयार नव्हते.

कळस झाला भीमाशंकरला. श्रावणात ते सहकुटुंब दर्शनाला गेले आणि तिथली मोठी घंटा बघून कोणीतरी त्यांना सांगितलं की ही पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा अशा देवळांत आल्या. सेक्रेटरींनी वर केलेला हात तसाच खाली घेतला. परत आल्यावर बॅगाही न उघडता ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

“टीचर, तुम्हाला या गोष्टीचं वाईट वाटतं का?”

टीचर पेपर बघत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “1739 ची थकबाकी आहे. तुम्ही बँकेतले. व्याज काढा.”

बायको सांगते, त्या रात्री सेक्रेटरींनी खरंच कॅल्क्युलेटर घेतला होता. व्याज सरळ धरावं की चक्रवाढ, इथे अडले.

माझं मत विचाराल तर दुसऱ्याच्या दारातला कंदील किंवा चांदणी, आणि जिन्यात भेटल्यावर कोणी दिलेली शुभेच्छा, यानं दुखावून घ्यायला फार फुरसत लागते. जबरदस्तीची वर्गणी, रस्ता अडवणारा मांडव, रात्री दहानंतर खिडकीखाली भिंत हलवणारा स्पीकर, या गोष्टींनी माणूस दुखावतो आणि दुखावलाच पाहिजे. पण तिथे दुखतात ते कान, आणि त्याला डेसिबलमध्ये मोजायची सोय आहे.

तर यंदाची वार्षिक सर्वसाधारण सभा. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेत सातवा विषय घातला: ‘सणांच्या सजावटीमुळे व शुभेच्छांमुळे कोणाच्या भावना दुखावतात काय, याबाबत विचारविनिमय करणे.’ त्यासाठी त्यांनी वहीत रकानेही आखून आणले होते: नाव, फ्लॅट नंबर, धर्म, दुखावल्याचे स्वरूप.

आधी शांतता. मग जैन मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी दुखावलेय. सेक्रेटरींनी टोपण काढलं. मावशींची तक्रार अशी की लाइटिंगची माळ थेट त्यांच्या बेडरूमच्या खिडकीवरून नेतात आणि ती रात्रभर लाल-हिरवी उघडमीट करते. दिवाळीला लावलेली नाताळ संपेपर्यंत कोणी काढत नाही. त्यावर मागून आवाज आला की माळ कॉमन मीटरवर चालते, बिल सगळ्यांनी भरायचं आणि शोभा मात्र ए विंगची. बी विंग एकदम दुखावली. चाचा म्हणाले, गेल्या वर्षी शिडी परत आली ती खालची पायरी मोडून, आणि कोणी चकार शब्द बोललं नाही. शिवाय ईदला शीरखुर्मा पाठवला त्यातले तीन वाडगे अजून आलेले नाहीत. वकील उठले. हा नास्तिक माणूस बोलताना प्रथमच सद्गदित झालेला मी पाहिला. “मी देव मानत नाही,” ते म्हणाले, “चकली मानतो. या इमारतीत मला फराळ कोणी देत का नाही?”

सेक्रेटरींचा हात लिहिता लिहिता थरथरत होता. इतक्या दुखावलेल्या भावना एका जागी त्यांनी आयुष्यात बघितल्या नव्हत्या.

मग टीचर. त्यांनी नाताळला सगळ्यांकडे तळलेले फुगे आणि करंज्या पाठवल्या होत्या. सगळ्यांचे डबे काही ना काही घालून परत आले. एका घरातून डबा आला तो घासून, पुसून, रिकामा. “चाळीत वाढलेय मी,” टीचर म्हणाल्या. “रिकामा डबा कोणी पाठवत नाही.”

सभा त्या घराकडे बघू लागली. सेक्रेटरी उभे राहिले. त्यांनी खुलासा केला की डब्यात चिवडा घालायचा विचार होता, परंतु नाताळात त्यांच्याकडे चिवडा चालतो किंवा कसे, याची खातरजमा न झाल्यामुळे...

“साखर घालायची होती चिमूटभर,” त्यांच्या बायकोनं मागच्या रांगेतून सांगितलं. “मी तेव्हाच म्हटलं होतं, सेक्रेटरी.”

ठराव झाले. माळ गच्चीवरून न्यावी, रात्री अकराला बंद करावी. मीटरचा खर्च दोन्ही विंगांत वाटून घ्यावा. वकिलांना फराळ द्यावा. सूचक चाचा, अनुमोदक टीचर, एकमताने मंजूर. सेक्रेटरींनी वही पुन्हा पुन्हा चाळली. ‘धर्म’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोराच राहिला होता आणि ऑडिटमध्ये त्यावर शेरा येईल, असं त्यांना वाटत होतं. “तो विषय अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळच्या विषयांत घ्या,” वकील म्हणाले. तोवर चहा आला.

ऐनवेळी चर्चा झाली ती शिडीची. पायरी सोसायटीच्या खर्चानं बसवायची ठरली, आणि बसवतोच आहोत तर शिडीला रंगही काढावा, असं कोणीतरी सुचवलं. सेक्रेटरींच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांनी मनातल्या मनात भगवा, हिरवा, निळा, पांढरा असे सगळे रंग तपासले असावेत, कारण घाम आला होता.

“कुठला रंग?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“रंग कशाला?” चाचा म्हणाले. “अ‍ॅल्युमिनियमची घ्या नवी. दुकानात आहे. सोसायटीला दहा टक्के कमी करून देतो.”

खजिनदार इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, तीन कोटेशनं मागवा.